उंबरा काढला तो श्रावण

श्रावण अर्ध्यावर आला की आमच्या नार्व्यात घरं खरवडायचे आवाज सुरू होतात. पावसाने भिंतींवर चढवलेलं शेवाळ, पायथ्याचे काळे ओघळ, वर्षभराचा धूर, सगळं गणपतीच्या चवथीच्या आत निघायला हवं असतं. पत्र्याने भिंत खरवडल्याचा तो कोरडा आवाज येत राहतो, मध्येच सर येते, आवाज थांबतो, माणसं वसरीत, पुढच्या पडवीत, उभी राहून आभाळाकडे बघतात, सर जाते आणि पुन्हा आवाज सुरू. रंगाचा वास ओल्या हवेत वर जात नाही. तो जमिनीलगत पसरतो आणि जनेलातून आत येतो. मी जनेल लावून घेतो.

घरात सध्या मी एकटाच असतो. शैला, माझी बायको, धारगळला तिच्या माहेरी आहे. भांडून गेलेली नाही. चौतीस वर्षांच्या संसारात आम्ही मोठ्या आवाजात भांडलो असू ते दोनदा किंवा तीनदा. वाटेत कोणी भेटलं की विचारतं, "बाई खंय?" मी सांगतो, "धारगळाक. डोळ्यांचा आसा मरे तिच्या." माणूस मान हलवतो आणि पुढे जातो. डोळ्यांचं कारण खोटं नाही. पण पुरतं सांगायचं तर तीन वर्षांपूर्वीचा श्रावण सांगावा लागेल, ज्या श्रावणात मी आयुष्यात पहिल्यांदा हातात हत्यारं घेतली.

मी डिचोलीच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. हात कागदाचे. घरात खिळा ठोकायचा झाला तरी शेजारच्या पुंडलिकाला हाक जायची. पुंडलिक गवंडी, मूळचा दोडामार्गकडचा, लग्न होऊन इथेच राहिलेला. आमची न्हाणी त्याने बांधली, बांयीचा, म्हणजे विहिरीचा, कठडा त्याने बांधला. मी बाजूला कदेलावर, खुर्चीवर, बसून त्याला चहा विचारायचो, इतकाच माझा बांधकामाशी संबंध. मुलगी लहान असताना तिच्या खेळण्यातली गाडी मोडली होती. "बाबा, दुरुस्त करून द्या" म्हणत ती माझ्या मागे लागली होती. ती गाडीही अखेर शैलानेच सुतळीने बांधून दिली.

निवृत्त झालो त्याच वर्षी शैलाच्या डोळ्यांचं निदान पक्कं झालं. पडद्याचा आजार. आधी बाजूचं दिसणं जातं, मग मधला जो गोल उरतो तो लहान लहान होत जातो. औषध नाही. तिचा गोल आता किती उरला आहे, हे मी विचारलं नाही. म्हापशाच्या डॉक्टरांनी मला एकट्याला सांगितलं, "घर त्यांना सोयीचं करून घ्या. अडखळण्यासारखं काही ठेवू नका." कोणी तरी मला करण्यासारखं काही सांगितलं याचंच मला त्या दिवशी बरं वाटलं. तिच्या डोळ्यांपुढे मी काहीच करू शकत नव्हतो. घराचं मात्र करू शकत होतो. परतीच्या बसमध्ये मी फोनवर लोक स्वतःच घर कसं दुरुस्त करतात ते बघत आलो. शैला जनेलाकडे बसली होती. ती बाहेर बघते आहे असं मला वाटत होतं.

ड्रिल आणलं. पहिल्या दिवशी माजघरातून न्हाणीपर्यंत धरून चालायला दांडी बसवायला घेतली. फोनमधल्या माणसाने अर्ध्या तासात बसवली होती. त्याची भिंत काँक्रीटची होती, आमची चिऱ्याची, जांभ्या दगडाची. ड्रिल आत शिरलं आणि भोकातून लाल भुकटीची धार लागली. बोटभर भोक म्हणता म्हणता अंगठा जाईल एवढं झालं. तरी मी स्क्रू बसवले, दांडी लावली, चार पावलं मागे जाऊन बघितली आणि खुशीत तिला हात लावला. दांडी माझ्या हातातच आली, सोबत ओंजळभर चिराही.

पुंडलिक आवाज ऐकून आला होता. दारातच उभा राहून म्हणाला, "काका, चिरो हा तो. तेका असो ड्रिल मारून चलाचा नाय. सरा बाजूक, मी करून दितंय."

"नाका रे. मी करतलंय," मी म्हटलं. माझं मलाच नवल वाटलं. मी ते फार ठामपणे म्हटलं होतं.

शैला हसली. खूप दिवसांनी हसली. "करूं देत तेंका," ती पुंडलिकला म्हणाली, "कधी नाय ता हत्यार धरलांनी हा."

त्या दिवसांत मी सुखात होतो, हे लपवून उपयोग नाही. सकाळी पोदेराचा, पाववाल्याचा, भोंपू वाजला की उंडे घ्यायचे, चहात बुडवून खायचे आणि कामाला लागायचं. अंगावर सिमेंटची धूळ, नखांत रंग. कचेरीत पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांचे अर्ज पुढे सरकवले होते. संध्याकाळी बोट ठेवून "हे मी केलं" म्हणता येईल असं काही कधी नव्हतं. आता रोज काही तरी होतं. वाकडं असेल, पण होतं. शैला माझ्यासोबत असायची. खिळे हातावर घेऊन उभी राहायची, बाल्दी धरायची. माळ्याखालच्या काळोख्या कोपऱ्यात वायर सरकवताना मी तिच्या हाती बॅटरी दिली होती. उजेड भलतीकडेच पडत होता. मी शिडीवरून वैतागून म्हणालो, "हंयसर धर गो! दिसना काय तुका?"

उजेड हळूहळू भिंतीवरून फिरत माझ्या आवाजाच्या दिशेने आला.

आज तो प्रसंग आठवला की मला तो सरकत येणारा उजेडच दिसतो. तेव्हा मात्र मला फक्त वायर दिसत होती.

पायऱ्यांच्या कडा उठून दिसाव्यात म्हणून मी त्यांना पिवळा तेलरंग दिला. श्रावणातली हवा, रंग वाळणार कुठून? एक दिवस गेला, दुसरा गेला, बोट लावलं तर चिकटच. तिसऱ्या दिवशी श्रावणातल्या आयतारची, रविवारची, पूजा होती. मी तिला बजावून सांगितलं होतं, पण पूजेच्या गडबडीत ती फुलं काढायला पुढच्या अंगणात गेली, आणि मी न्हाणीतून बाहेर येऊन बघतो तो तांबड्या कोब्यावर पिवळी पावलं. पायरीपासून देवखोलीपर्यंत, देवखोलीपासून रांदचे कुडीपर्यंत, म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत, आणि तिथून परत. मी कपाळाला हात लावला. टर्पेंटाईन आणि चिंधी घेऊन अर्धा दिवस गुडघ्यांवर बसून ती पावलं पुसली.

पुसताना एक गोष्ट दिसली होती. ती सात-आठदा ये-जा करून गेली असेल, पण पावलं सात-आठ पटींनी नव्हती. एकावर एक पडलेली होती. जिथे एकदा डावा पाय पडला होता तिथेच दर वेळी डावा पाय पडलेला. दोन ठशांत बोटभराचाही फरक नव्हता. माजघराच्या मधोमध एका जागी कोबा जरासा खचलेला आहे, तिथे दर वेळी उजवी टाच टेकलेली. मी म्हटलं, बरं झालं, पुसायला कमी. इतकंच माझ्या डोक्यात आलं. ज्याचे दोन्ही डोळे धड होते त्याला इतकंच दिसलं.

मग उंबरा.

माजघर आणि रांदची कूड यांच्यामध्ये फणसाच्या लाकडाचा उंबरा होता. माझ्या आजोबांच्या वेळचा. मधोमध पाय घासून घासून तो वाकल्यासारखा झाला होता आणि फणसाचा पिवळेपणा जाऊन मधासारखा काळसर तांबूस झाला होता. डॉक्टर म्हणाले होते, अडखळण्यासारखं काही ठेवू नका. घरात अडखळायला त्याच्याइतकं दुसरं काय होतं? मी तो काढून तिथे सिमेंटचा सपाट उतार करायचं ठरवलं.

पुंडलिक त्या दिवशी कुंपणापाशी आला होता. करवत बघून म्हणाला, "उंबरो काढतास? काकीक विचारलात?"

"तिका काय विचारूचा? तिच्यासाठीच तर करतंय."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग आत शैलाकडे. ती मातीच्या भांड्यात तांदूळ धूत बसली होती. तिने मान वर केली नाही. पुंडलिक गेला.

उंबरा कापायला मला दोन दिवस लागले. करवत अडकायची, मी घामाघूम व्हायचो. खालची बाजू वाळवीने खाल्लेली निघाली. वरचं दोन बोटं लाकूड तेवढं धड, आत नुसती भुसभुशीत माती. मला जिंकल्यासारखं वाटलं. "बघ गो, आतून पोकळ जाल्लो. आयज ना फाल्यां मोडतलोच," मी म्हटलं. ती आली, खाली वाकली आणि कापलेल्या जागी हात फिरवला. चौकटीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, अगदी सावकाश. मग उठून हात धुवायला गेली.

लाकडाचे तुकडे मी न्हाणीतल्या चुलीत घातले. फणसाचं जुनं लाकूड, छान पेटलं. त्या संध्याकाळी आंघोळ करून आल्यावर ती म्हणाली, "आयज पाणी बरां तापला."

चवथ दोन दिवसांवर आली होती. उताराचं सिमेंट वाळलं होतं. वर शेजारच्या मांजराची चार पावलं उमटली होती, ती मी तशीच ठेवली. मागीलदाराला मी त्या दिवशी दुपारी रंग दिला आणि वाळावं म्हणून दार सताड उघडं ठेवलं. दाराबाहेर तीन पायऱ्या, पुढे बांयीकडे जाणारी चिऱ्यांची वाट, पावसाने बुळबुळीत झालेली. दिवेलागणीची वेळ. शैला माजघरात बसून नेवऱ्यांच्या, करंज्यांच्या सारणासाठी नारळ खवत होती. मी वसरीत गणपतीवर फळं-पानं टांगायच्या माटोळीच्या लाकडी चौकटीला दोऱ्या बांधत होतो.

आधी ताटाचा आवाज आला. पितळी ताट, पायऱ्यांवरून गडगडत खाली जाणारं. मग काहीच नाही. मी हाक मारली. उत्तर नाही. धावलो. ती मागीलदारच्या पायऱ्यांखाली पडली होती, एक पाय अंगाखाली दुमडलेला, आणि सगळीकडे पांढरा खवलेला नारळ, ओल्या तांबड्या चिऱ्यावर, तिच्या केसांत, तिच्या पदरावर. ती ओरडली नव्हती. हाताने आजूबाजूची जमीन चाचपत होती. आपण कुठे आहोत हेच ती शोधत होती, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. समोर बांय होती, माड होता, अजून पुरता काळोखही पडला नव्हता. मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. तिने विचारलं, "खंय आसंय मी?"

खुब्याचं हाड मोडलं होतं. पुंडलिकाने आणि मी तिला दाराच्या फळीवर घालून गाडीत ठेवलं. त्या वर्षी आमच्या घरी चवथ झाली ती पुंडलिकाच्या बायकोने केली. मूर्ती आणली, पूजा केली, दीड दिवसांनी पोचवली. मी इस्पितळात होतो. बेळगावहून मुलगी आली, आईच्या पायाशी बसून रडली, मला काही बोलली नाही. तिने काही बोलावं असं मला वाटत होतं.

शस्त्रक्रिया झाल्यावर तिसऱ्या दिवशी शैलाने सांगितलं. मुलगी खाली चहा आणायला गेली होती. खोलीत आम्ही दोघंच. ती छताकडे तोंड करून, सावकाश बोलत होती.

"मी उंबरो शोधी होतंय. पायाक लागना. म्हटला, आज माजघर कसला इतक्या लांब जाला?"

"पण तुका दिसता तर खरा…"

"खंय दिसता?" ती म्हणाली. "दोन वर्सां जाली. उजवाड आणि काळोख, इतक्याच कळता. तुमका वाटायचा, माका दिसता म्हणून. ते माझे पाय बघायचे."

मग तिने घर सांगितलं. माझं घर, ज्यात मी जन्मलो. देवखोलीतून निघालं की सहा पावलांवर खचलेला कोबा, तिथून डावीकडे वळायचं, चार पावलांवर उंबरा. उंबऱ्याला अंगठा लागला की चूल उजव्या हाताला, मागचं दार समोर आठ पावलांवर. कुठला कोबा गार, कुठला चुलीमुळे ऊबदार. तिने ते नजर जात असतानाच एकेक पाऊल पाठ करून ठेवलं होतं. मग मला आठवायला लागलं. चहा ओतताना ती कपाच्या कडेला बोट धरायची. तारीख, तिथी मलाच बघायला सांगायची. टीव्हीकडे पाठ करून बसायची आणि म्हणायची, ऐकलं तरी कळतं. सगळं माझ्या समोर होतं.

"उंबरो काढल्यार चार दिस चौकटीक हात लावून जाय होतंय," ती म्हणाली. "त्या दिवशी दोनूय हातांत ताट होता."

"मगे सांगलंस कित्याक नाय? मी करवत लावली तेन्ना तरी…"

तिने चादरीची कड बोटांनी चाचपली.

"काय सांगूचा? तुमी इतक्या हौशेन करी होतात. लगीन जाल्यापासून पयल्याच खेपेक माझ्यासाठी हातात कायतरी धरलात. तां मोडूचा कसा? म्हटला, शिकतलंय मी परत."

मुलगी चहा घेऊन आली.

माणूस आपल्या माणसासाठी काही करतो तेव्हा तो नेमका कोणासाठी करत असतो, हा प्रश्न मला त्यानंतर सोडत नाही. मी तिच्या सोयीचं घर करत होतो आणि तिला एकदाही विचारलं नव्हतं. पुंडलिक परका, त्याला विचारावंसं वाटलं. माझ्या लेखी ती आजारी होती, आणि आजारी माणसाला काय हवं ते बाकीच्यांना कळतं अशी माझी समजूत. ती बिचारी खिळे धरून उभी राहिली. तिचं घर मी तिच्या देखत मोडत होतो आणि ती मला बाल्दी आणून देत होती. कारण तिला मी खुशीत दिसत होतो. दिसत नव्हतो. माझ्या आवाजावरून तिला ते कळत होतं.

खुबा भरून यायला तीन महिने लागतील असं डॉक्टर म्हणाले. आमच्या घरी पायऱ्या, आणि मी एकटा. म्हणून तिला धारगळला तिच्या भावाकडे नेलं. तिचा भाऊ हमरस्त्यावर नारळ-केळ्यांचं दुकान चालवतो. माणूस चांगला, पण घराच्या बाबतीत कमालीचा आळशी. मागच्या पडवीचं दार जमिनीला घासतं, ते वर उचलूनच लावावं लागतं. शैलाच्या लहानपणापासून लागतं. न्हाणीच्या वाटेवरची फरशी फुटलेली आहे, तीही तेव्हापासून. मी मनातल्या मनात त्याला हसायचो.

मी दर आयतारी म्हापशाला बस बदलून जायचो. तिसऱ्या महिन्यात एकदा गेलो तर कमल वयनी, तिच्या भावाची बायको, बाहेर बसून भाजी चिरत होती. "आत आसा," म्हणाली. मी आत गेलो आणि दारातच थांबलो. शैला चालत होती. काठी हातात होती, पण ती जमिनीला टेकत नव्हती. पाय किंचित लंगडत होता. ती पडवीच्या दाराशी गेली, दार जरासं वर उचललं, लावलं, वळली, फुटकी फरशी ओलांडली, उंबऱ्यावर पाय न देता पलीकडे पाय टाकला आणि फडताळातून अचूक डबा काढला. वरून मोप्याच्या विमानतळाकडे उतरणारं विमान गेलं, भांडी थरथरली. ती स्वतःशी काही गुणगुणत होती. मी तिला असं चालताना शेवटचं कधी बघितलं होतं ते मला आठवेना. मी न बोलता बाहेर येऊन बसलो आणि थोड्या वेळाने आत्ताच आल्यासारखी हाक मारली.

ती घरी येण्याआधी मी पुंडलिकाला बोलावलं. सगळं पहिल्यासारखं कर म्हणालो. त्याने विचारलं, "उंबरो कितको उंच होतो?" मी हात धरून दाखवला, मग खाली केला, मग पुन्हा वर. साठ वर्षं मी तो ओलांडला होता आणि मला त्याची उंची ठाऊक नव्हती. पुंडलिकाने कुठून तरी फणसाचंच लाकूड मिळवलं, उतार फोडला आणि उंबरा बसवला. शैला आली. मी तिला धरून माजघरापर्यंत नेलं. तिने पाय पुढे केला, अंगठ्याने लाकूड चाचपलं, कड, वरचा सपाट भाग, आणि पाय मागे घेतला.

"बरो केला पुंडलिकान," ती म्हणाली.

नवा उंबरा सरळ होता, मध्ये वाकलेला नव्हता. तिला तो कधी पायात आला नाही. दोनदा ठेच लागली. त्यानंतर ती त्याच्यापाशी यायची, थांबायची आणि हाक मारायची, "अहो." मी यायचो, हात धरायचो. न्हाणीला जाताना अहो, पाणी हवं झालं की अहो. जिने मला इतक्या वर्षांत पाण्याचा तांब्या मागितला नव्हता ती दिवसातून वीसदा हाक मारायची, आणि दर हाकेला तिचा आवाज थोडा खाली यायचा. मग ती हाका मारायचीच थांबली. वसरीतल्या बांकावर बसून राहायची. मी विचारायचो, "काय जाय?" ती म्हणायची, "काय नाय." तहान लागली तरी काय नाय.

त्यानंतर ती धारगळला आधी आठ दिवसांसाठी गेली, मग महिन्यासाठी. आता चवथीला तेवढी येते, दीड दिवस. मी तिला थांब म्हटलं नाही. म्हणायला तोंड नव्हतं हे एक. दुसरं म्हणजे तिला तिथे चालताना मी बघितलं होतं.

गेल्या आठवड्यात डोळे दाखवायला तिला म्हापशाला नेलं होतं. आता उजेडही फारसा कळत नाही म्हणाली. डॉक्टरांनी हे अपेक्षितच होतं असं सांगितलं. तिथून बसने धारगळला आलो. हमरस्ता ओलांडताना तिने माझा दंड घट्ट धरला होता, गाड्यांच्या आवाजाला दचकत होती. दुकानाच्या बाजूने आत वळलो. अंगणाच्या पहिल्या पायरीला तिचा पाय लागला आणि तिने माझा दंड सोडला. चपला काढल्या, पायानेच बाजूला सारल्या आणि पायऱ्या चढून आत निघून गेली. मी तिची पिशवी धरून अंगणात उभा होतो. आत भांड्यांचा आवाज झाला. पडवीचं दार उचलून लावल्याचा झाला.

मग तिचा आवाज आला. मोकळा, घरातल्या बाईचा.

"उभे कित्याक रवल्यात? बसा तुमी. च्या हाडतंय."

मी बसलो.